आजीच्या रक्तातलं डीडीटी

लहानपणी गावी हिवतापवाले यायचे. आई घाईघाईने भांडी, अंथरुणं, पिठाचे डबे अंगणात काढायची. एक जण बादलीतला पंप मारायचा, दुसरा भिंतींवर फवारत जायचा. ते गेल्यावर भिंतीवर पांढरट पुटं उरायची आणि उग्र वास. ते डीडीटी, डास मारणारं कीटकनाशक. हिवतापापासून त्याने असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगायलाच हवं.

पण डीडीटी पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. शरीरात शिरलं की ते मेदात ठाण मांडतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. बाई गरोदर राहिली की त्यातलं थोडं वारेतून बाळाकडे जातं. त्या बाळाचं पुढे काय होतं, हे पाहायला गेलेल्या शास्त्रज्ञांना मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक दिसला.

कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजुरांची वस्ती आहे, बहुतेक मेक्सिकोतून आलेली. मेक्सिकोत डीडीटीची फवारणी २००० सालापर्यंत चालू होती. बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या गर्भवतींच्या रक्तातलं डीडीटी मोजलं आणि मुलांची वाढ वर्षानुवर्षं तपासली. नवव्या वर्षी आणि पुन्हा बाराव्या वर्षी, आईच्या रक्तात डीडीटी जास्त असलेल्या मुलग्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त भरलं. मुलींमध्ये हा संबंध दिसला नाही.

तिथून फार लांब नसलेल्या ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ या काळात सुमारे १५,००० गर्भवतींची नोंद झाली. त्यांचं रक्त गोठवून जपून ठेवलं गेलं. त्याच नळ्या अनेक दशकांनी बाहेर काढून त्यांतलं डीडीटी मोजलं. तेव्हाच्या पोटातल्या मुली पन्नाशीच्या आसपास आल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या आईच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार जास्त होता, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त दिसला. २०२१ साली नातींचे निष्कर्ष आले. ज्या आज्यांचं स्वतःचं वजन जास्त नव्हतं पण रक्तात तो प्रकार भरपूर होता, त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणाची शक्यता दोन ते तीन पट निघाली. नात तेव्हा जन्मलीही नव्हती. पण स्त्रीगर्भाच्या अंडाशयात तिच्या साऱ्या आयुष्याची बीजांडं आधीच तयार होतात, म्हणजे नातीचं बीज आजीच्या पोटातच होतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबले.

एकीकडे मुलगे, दुसरीकडे मुली, असं का? डीडीटी म्हणजे एकच पदार्थ नाही. त्यातला एक प्रकार इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतो. ओकलंडच्या मुली-नातींच्या लठ्ठपणाशी जोडला गेला तो हाच. डीडीटीचं शरीरात विघटन होऊन डीडीई बनतं, ते मात्र टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या आड येतं. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा अडवावी तसं. रुमालवाला बसत नाही आणि दुसऱ्याला बसता येत नाही. पुरुषात टेस्टोस्टेरॉनचं काम थांबलं की चरबी वाढते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर हे संप्रेरक बंद करणारे उपचार होतात, तेव्हा डॉक्टरांना हे दिसतंच. बायकांची चरबी मांड्या-नितंबांवर साठवण्यात इस्ट्रोजेनचा हात असतो, म्हणून पाळी गेल्यावर ती पोटाकडे सरकते. ज्या शरीराची घडी मुळात वेगळी, त्यात ढवळाढवळ झाली की बिघाडही वेगळा.

माणसांवरच्या अशा अभ्यासात संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून २०१४ साली शास्त्रज्ञ मिशेल ला मेरिल यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केला. गाभण माद्यांना आणि नंतर पिल्लांना डीडीटी दिलं. मोठेपणी माद्यांच्या शरीराचं तापमान किंचित उतरलं, त्या कमी ऊर्जा जाळू लागल्या. तेलकट खाऊ घातल्यावर त्यांच्यात इन्सुलिनचं काम बिघडलं. त्याच विणीतल्या नरांवर हा परिणाम दिसला नाही. माणसात मुलगे आणि उंदरात माद्या, यात विसंगती वाटेल. पण सलिनासची मुलं बारा वर्षांची होती, ओकलंडच्या बायका पन्नाशीच्या. वय बदललं की संप्रेरकं बदलतात.

मला राग येतो तो सरासरीचा. मुलगे-मुली एकत्र मोजले की एका बाजूचा परिणाम दुसरीत बुडून जातो आणि पदार्थ निर्धोक ठरतो. अनेक वर्षं प्रयोगशाळांत नर उंदीरच जास्त वापरले जात, कारण माद्यांचं ऋतुचक्र अडचणीचं वाटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून आपल्या निधीवर चालणाऱ्या संशोधनात लिंगभेदाचा विचार करणं बंधनकारक केलं.

भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, डासांसाठी त्याचा वापर पुढेही चालू राहिला. ते बनायचं त्यातली एक जागा आपल्या रायगडातलं रसायनी. बंदीआधीच्या काळात पोटात असलेल्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्या वजन वाढलं म्हणून दवाखान्यात जातात आणि त्यांना एकच प्रश्न विचारला जातो: काय खाता?