अनोळखी कार्डिनल मासा: नवी प्रजाती म्हणून नोंदवण्याची रीत

कच्छच्या आखातातील प्रवाळांत दिसलेला कार्डिनल मासा कोणत्याही ज्ञात वर्णनाशी जुळत नसेल, तर त्याचे वर्णन बडोद्यातील कोणीही अभ्यासक करू शकतो; प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत पदवीची अट नाही. अर्ज अडतात ते परवानगी आणि नमुन्यापाशी.

मासा वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाही, मग परवानगी कशाला, ही समजूत सर्वांत महागात पडते. याच आखातातील पिरोटन बेट सागरी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तेथून कोणताही जीव उचलायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आधी हातात हवी. प्रवाळ स्वतः पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे फांद्यांत दडलेला मासा काढण्यासाठी ते मोडता येत नाही. अर्जात प्रजातीचे नाव विचारले जाते. जे नाव अजून अस्तित्वातच नाही ते मागण्यात काय अर्थ आहे, हे सांगणे कठीण. तरीही रकाना रिकामा ठेवू नये, ‘अ‍ॅपोगोनिडी कुळ, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून कमाल नमुनासंख्या द्यावी. सोबत आपल्या संस्थेचे पत्र जोडावे.

केवळ छायाचित्रावर विसंबू नये. कार्डिनल माशांच्या या अ‍ॅपोगोनिडी कुळात तीनशेहून अधिक प्रजाती आहेत, पिल्लांचे रंग प्रौढांहून वेगळे असू शकतात, आणि खरा निवाडा पट्ट्यांबरोबरच पराचे किरण, पार्श्वरेषेवरील (शरीराच्या कडेने जाणाऱ्या संवेदी रेषेवरील) खवले व कल्ल्यांवरील कंटक मोजूनच होतो. फॉर्मलिनमध्ये रंग उडतो व डीएनए निकामी होतो. म्हणून मासा ताजा असतानाच छायाचित्र घ्यावे, पराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि मगच फॉर्मलिन वापरावे. हा क्रम चुकला तर गेलेला रंग आणि डीएनए परत मिळत नाहीत, एवढे कृपया ध्यानात ठेवा. दुकानातून आणलेल्या माशाचे मूळ ठिकाण खात्रीने सांगता येत नसल्याने त्यावर वर्णन उभारू नये.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती अधिकृत भांडाराला (नमुने जतन करणाऱ्या नेमलेल्या संस्थेला) कळवून नमुना तेथे जमा करावा लागतो. कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे एक भांडार आहे. नामधारक नमुना (ज्याच्याशी नव्या प्रजातीचे नाव कायमचे जोडले जाते तो नमुना) कोणत्या संग्रहात आहे, हे शोधनिबंधात लिहावेच लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांकही द्यावा; म्हणून मसुद्याची वाट न पाहता भांडाराशी पत्रव्यवहार सुरू करावा.

झूबँक, म्हणजे प्राण्यांच्या वैज्ञानिक नावांची ऑनलाइन नोंदवही, यातील नोंदणीबाबत गैरसमज फार आहे. नोंदणी केली म्हणजे नाव मान्य झाले, असे नव्हे. निबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर नोंदणी प्रकाशनाआधी झालेली असावी आणि तिचा पुरावा निबंधातच असावा. नंतर केलेली नोंदणी ही उणीव भरून काढत नाही.