बिननावाच्या कुंड्या आल्या कुठून?

मांजरानं किंवा कुत्र्यानं घरातल्या झाडाचं पान चावलं, की प्राण्यांचे डॉक्टर आधी विचारतात, 'झाड कोणतं?' अनेकांना ते सांगता येत नाही, कारण विकत घेतानाच कुंडीवर नाव नव्हतं. असलंच तर 'शोभेचं रोप' एवढंच. दोष घेणाऱ्याचा म्हणता येणार नाही. या झाडांविषयीची माहिती पूर्वीपासून होती, पण ती झाडांबरोबर घरापर्यंत आली नाही.

डिफेनबाकियाचंच बघा. हिरव्यापांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं हे झाड मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, घशात घुसतात, आग होते, सूज येते, बोलता येत नाही. कॅरिबियन बेटांवर वसाहतीच्या काळात गुलामांना शिक्षा म्हणून ते चघळायला लावत. म्हणजे त्याचा दाहकपणा चांगलाच ठाऊक होता. 1829 मध्ये व्हिएन्नाच्या हाइनरिश शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिथल्या राजउद्यानाच्या माळ्याच्या नावावरून या प्रजातीचं नामकरण केलं. फिलोडेंड्रॉन आणि अ‍ॅग्लोनिमा ही नावंही त्याचीच. तिन्ही अळूच्या कुळातली, तिन्हींत ते स्फटिक. मनी प्लांट आणि पीस लिलीही त्याच कुळातल्या.

त्याच सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरच्या बंद बाटलीत आपोआप नेचा उगवला. त्यावरून त्यानं काचेची बंद पेटी बनवली. 1833 मध्ये अशा पेट्यांतली रोपं जहाजानं सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांना जगभर वाट मोकळी झाली. दिवाणखान्याच्या अंधुक उजेडात तग धरेल तेच झाड घरात टिकलं. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या अळूच्या कुळाला ते सहज जमलं. घरात कोण कुरतडेल, हा विचार त्या निवडीत कुठेच नव्हता.

पुढचा मोठा बदल प्रयोगशाळेतून आला. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी ऊती संवर्धनासाठी, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवण्यासाठी, पोषक माध्यमाचं सूत्र प्रसिद्ध केलं. त्यातून पुढे एका रोपापासून हजारो रोपं बनू लागली. स्वस्त रोपं फुलांच्या दुकानातून किराणा मालाच्या सुपरमार्केटात गेली, एकाच ट्रेमध्ये पाच-सहा जाती मिसळून, सगळ्यांना मिळून एकच बारकोड. माझ्या मते नाव खरं हरवलं ते इथे. विक्रेत्यालाच ते माहीत असायची गरज उरली नाही.

1989 मध्ये नासाचा हवाशुद्धीचा अभ्यास आला. तो बंदिस्त पेट्यांमधला प्रयोग होता, पण घरोघरी पोहोचली ती झाडांची यादी. पीस लिली, स्नेक प्लांट, ड्रसिना, आयव्ही, अ‍ॅग्लोनिमा ही त्यातली झाडं 'आरोग्यदायी' म्हणून खपली. पाचही कुत्र्यामांजरांना बाधतात.

उलट बाजूचं, म्हणजे झाडांच्या विषारीपणाचं ज्ञान वेगळ्या वाटेनं जमत गेलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1978 मध्ये प्राण्यांच्या विषबाधेसाठी मदतकेंद्र सुरू झालं. प्राणिसंरक्षण संस्था एएसपीसीएनं ते 1996 मध्ये हाती घेतलं. खऱ्या लिलीनं (शास्त्रीय नाव लिलियम) मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यांमध्ये 1990च्या दशकात ठळकपणे पुढे आलं. अंगावरचा परागही चाटला तरी पुरतो. पीस लिली चावल्यावर तोंड भाजतं, लाळ गळते, पण मूत्रपिंडांवर तो घाला येत नाही. दोघींनाही लोक लिलीच म्हणतात. सायकसलाही 'पाम' म्हणून विकतात. अरेका पाम निरुपद्रवी आहे, सायकसच्या बिया मात्र कुत्र्याचं यकृत उद्ध्वस्त करतात. नेमकं नाव नसेल, तर उपचाराची दिशाच चुकू शकते.

युरोपीय संघात डिसेंबर 2019 पासून लागवडीच्या सर्व रोपांना वनस्पती पासपोर्ट, म्हणजे एक अधिकृत लेबल, लागतो आणि त्यावर शास्त्रीय नाव असतं. उद्देश रोगकिडींचा माग काढण्याचा, त्यामुळे विषारीपणाबद्दल त्यात अक्षर नाही. आणि तो व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारापुरता सक्तीचा आहे. घरगुती ग्राहकाला दुकानातून थेट विकताना त्याची गरज नाही, ऑनलाइन विक्रीत मात्र आहे.