मिल लॅक्सवर येताना: बर्फावरचा कचरा आणि उन्हाळ्यातली बोट

(अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावावर हिवाळ्यात बर्फघर, म्हणजे गोठलेल्या तलावावर मासे धरायला ठेवलेली खोली, आणि उन्हाळ्यात बोट भाड्याने घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बुकिंग झालं की हे पत्रक आम्ही सगळ्यांना देतो, हिवाळ्यातल्यांना आणि उन्हाळ्यातल्यांना एकच. कारण साधं आहे. जानेवारीत बर्फावर राहिलेली वस्तू एप्रिलअखेरीस पाण्यात उतरते आणि जूनमध्ये कुणाच्या तरी प्रोपेलरला लागते.

सगळ्यात त्रास लाकडी ठोकळ्यांचा. बर्फघर टेकवायला खाली ठोकळे लावतात. हीटरच्या उबेने बर्फ पाझरतो, रात्री पुन्हा गोठतो आणि ठोकळा असा घट्ट धरला जातो की पहारीशिवाय हलत नाही. निघायच्या घाईत लोक तो तिथेच सोडून जातात. भिजून जड झालेलं लाकूड पाण्याच्या पृष्ठभागाला लागून तरंगतं, त्यामुळे समोरून दिसत नाही. आमच्या घरांखालचे ठोकळे आम्हीच काढतो. स्वतःचं घर ओढून आणणाऱ्यांनी पहार बरोबर ठेवावी. मार्चच्या पहिल्या सोमवारी रात्री बारापर्यंत घर तलावावरून हलवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मिनेसोटात १ जुलै २०२३ पासून बर्फावर कचरा टाकण्याविरुद्ध वेगळा कायदा आहे. सिगारेटची थोटकं, माशांची घाण, सांडपाणी सगळं त्यात आलं. कचऱ्याची पिशवी बाहेर बर्फावर नुसती टेकवून ठेवायची नाही. ती घरात किंवा घराला, गाडीला पक्क्या बांधलेल्या डब्यात हवी. दंड १०० डॉलर.

आपल्या मंडळींना एक सांगणं. संत्र्याची साल, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा "कुजून जाईल" म्हणून मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकात ढकलू नका. इतक्या थंडीत कुजणं जवळजवळ थांबतं; मार्चमध्येही साल केशरीच दिसते. उरलेले जिवंत मिनो (गळाला आमिष म्हणून लावायचे छोटे मासे) पाण्यात सोडणंही बेकायदा आहे, ते कचऱ्यात टाका. शौचाच्या बादलीतली पिशवी गाठ मारून परत आणायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या आवारात त्यासाठी वेगळा डबा ठेवलाय.

भारतातून आलेल्या आई-बाबांनाही गळ टाकायचा असेल तर अनिवासी परवाना लागतो. २४ तासांचाही मिळतो. बर्फघरातला कार्बन मोनॉक्साइडचा (हीटरमधून येऊ शकणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म आवाज नको म्हणून कुणीही बंद करायचा नाही.

चालायला किमान ४ इंच स्वच्छ, कडक बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरा. पण जाडी हे सर्व काही नव्हे. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेक या तलावावर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि सुमारे २०० जण त्यावर अडकले. सगळे सुखरूप परतले. म्हणूनच वाऱ्याच्या दिवशी आम्ही "आज नको" म्हटलं तर वाद घालू नका.

आता बोट. हा तलाव बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठा आहे आणि सर्वांत खोल जागी जेमतेम ४२ फूट. उथळ म्हणजे सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. खरं उलट आहे. मोकळ्या, उथळ पाण्यावर वाऱ्याने लाटा झपाट्याने उठतात, त्या आखूड आणि उभ्या असतात, आणि एक संपायच्या आत दुसरी बोटीवर येते. सकाळी आरशासारखं पाणी दुपारी असं होऊ शकतं. लाटा वाढल्या की वेग कमी करा, बोटीचं तोंड लाटेकडे थोडं तिरकं ठेवा, सगळ्यांना खाली, मध्यभागी बसवा. इंजिन बंद पडलं तर नांगर पुढून टाका, मागून कधीच नाही. मागच्या बाजूने पाणी आत शिरतं.

लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं. दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. मे महिन्यात हवा छान असते, पाणी मात्र जीवघेणं थंड. पडलात तर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय चालतात. पोहता येतं की नाही, हा प्रश्न त्यानंतर उरतच नाही. म्हणून पडल्यावर जॅकेट शोधायला वेळ मिळेल, या भरवशावर राहू नका.

परत आल्यावर बोटीच्या तळाचा प्लग काढा, पाणी पूर्ण निथळू द्या. या तलावात झेब्रा शिंपले (बोटीतल्या पाण्यातून दुसऱ्या तलावांत पसरणारे उपद्रवी परके शिंपले) आहेत आणि प्लग न काढता रस्त्याला लागणं हा गुन्हा आहे.

जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी आम्ही बोट देत नाही. पैसे पूर्ण परत मिळतात, किंवा तारीख बदलून घ्या.