पीएम किसान: अर्ज कसा करायचा आणि गावाची यादी कशी तपासायची

पीएम किसान या केंद्राच्या शेतकरी योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर येतात. महाराष्ट्रात ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी ६,००० याच लाभार्थी यादीवरून मिळतात, त्याला वेगळा अर्ज नाही. त्यामुळे इथे नाव गळाले की घराचे १२,००० रुपये बुडतात.

मुख्य अट जमिनीची. १ फेब्रुवारी २०१९ रोजी सातबाऱ्यावर नाव हवे. त्यानंतर जमीन विकत घेतली असेल तर लाभ नाही. मात्र खातेदार वारल्यामुळे वारसाने आली असेल तर आहे. म्हणून घरातला कर्ता माणूस गेला की वारस नोंद लांबवू नका. ती राहिल्याने विधवा बायकांचा हक्काचा पैसा अडकतो, आणि हे टाळता येण्यासारखे आहे.

पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले मिळून एक कुटुंब धरतात, लाभ एकालाच. गेल्या वर्षी आयकर भरलेले, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर, आजी-माजी आमदार-खासदार, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे अपात्र.

कागदपत्रे: सातबारा, आठ-अ, फेरफार, कुटुंबातल्यांचे आधार, बँक पासबुक. नव्या नोंदणीला फार्मर आयडीही (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो. अर्ज पीएम किसान पोर्टलवर स्वतः भरा किंवा सीएससी (सामान्य सेवा) केंद्रात जा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, केल्याशिवाय हप्ता पडत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणण्याआधी घरातली दुसरी पासबुके भरून आणा.

आता यादीचे. पोर्टलवर ‘बेनिफिशियरी लिस्ट’मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडले की लाभार्थ्यांची नावे दिसतात. लॉगिन लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. ही यादी छापून ग्रामसभेत वाचायला लावा. खरी गरज असलेल्या कोणाचे नाव नाही, ते तिथेच कळते. बाहेरगावी नोकरीला असलेल्यांनीही गावाकडच्या आईवडिलांची नावे फोनवर पाहून घ्यावीत.

यादीत दिसत नाही ते माहिती अधिकारात मागा. कायद्याच्या कलम ४(१)(ख)मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील शासनाने स्वतःहून जाहीर करावा, असे लिहिले आहे. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. शेजाऱ्याचा आधार किंवा खाते क्रमांक मागू नका, तो मिळणार नाही आणि मिळूही नये. गावाचे नाव, वर्ष, किती अर्ज नामंजूर झाले आणि कोणत्या कारणाने, एवढेच विचारा. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते.