खांदेरीला वल्हवत जायचं तर एकादशी गाठा

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याचं नाव आल्यापासून अलिबागजवळच्या थळहून कयाकनं तिथं जायचे बेत कानावर येऊ लागले आहेत. बेत फार चांगला आहे. थळसमोर हाकेच्या अंतरावर उंदेरी बेट, त्याच्या पलीकडे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर खांदेरी, आणि हिवाळ्यातल्या सकाळचा शांत समुद्र. पण अशा बेताची सुरुवात बहुधा "कुठला रविवार मोकळा आहे?" इथून होते. माझ्या मते पहिला प्रश्न "त्या दिवशी तिथी कोणती?" हा असायला हवा.

यात धार्मिक काही नाही. चंद्र सूर्यापासून आकाशात १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. म्हणजे तिथी हे चंद्र-सूर्यातल्या कोनाचं माप आहे, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक याच कोनावर चालतं. कोकणात पिढ्यान् पिढ्या वापरात असलेला हिशेब असा: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. पहाटेची भरती आणि दुपारनंतरची भरती यांच्यात सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे एका वेळेवरून दुसरी काढता येते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरावी आणि प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावंच. पण तारीख ठरवायला हा तोंडी हिशेब पुरतो.

तिथीवरून दुसरीही गोष्ट कळते, ती म्हणजे पाण्याचा जोर. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला पाणी साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, तो भांग, आणि तेव्हा हाच फरक दीड मीटरच्या आसपास येतो. समुद्र मात्र लगेच ऐकत नाही. उधाणाचा आणि भांगाचा कळस एक-दोन दिवस मागाहून येतो, म्हणून पाणी सगळ्यात मंद असतं ते नवमी-दशमीच्या सुमाराला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अमावास्येला होडीत पाय न ठेवणारी माणसं पौर्णिमेला बिनधास्त सहलीला निघतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही दिवस सारखेच जोराचे. आणि "माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून चंद्र मनालाही भरती आणतो" हे हल्ली शिबिरांमधून विकलं जाणारं विधान तर निव्वळ थाप आहे. भरती चंद्राच्या ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, त्यामुळे चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्यावरच्या ओढीत जवळजवळ ७ टक्के फरक पडतो. डोक्यापासून पायापर्यंत दोन मीटरांत तो फरक दहा कोटींत एक भाग इतका उरतो. अंगातल्या पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता मुद्द्याकडे. कोष्टकात पाण्याची उंची दिलेली असते, पण कयाकवाल्याला छळतो तो प्रवाह. सहा तासांच्या ओहोटीत पाणी एका चालीनं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी मधल्या एकेका तासात जवळजवळ मीटरभर पाणी उतरतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेली माणसं अडकतात ती याच गणितामुळे: पहिल्या तासात पाणी चढल्यासारखं वाटत नाही आणि तिसऱ्या तासात परतीची वाट बुडते. प्रवाहाचा वेगही साधारण याच क्रमानं वाढतो आणि ओसरतो. गटाचा वेग ताशी साडेचार किलोमीटर धरा. खांदेरीपर्यंत सव्वा तास तरी लागतो. तेवढ्यात ताशी एकच किलोमीटरचा आडवा प्रवाह तुम्हाला सव्वा किलोमीटर बाजूला नेतो, आणि बेट तर काही शे मीटरांचं. उपाय म्हणजे होडीचं नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे १३ अंश वळवून धरायचं आणि समोरच्या दोन खुणा, समजा दीपगृह आणि तटाचा कोपरा, एका रेषेत ठेवायच्या. खुणा एकमेकींपासून सरकू लागल्या की आपण वाहत चाललो आहोत हे तत्काळ कळतं.

यापुढचा भाग थोडा गणिती आहे, पण मला तो या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. वारा तोच, जागा तीच, आणि तरी प्रवाह उलटला की समुद्राचं रूप पालटतं. का?

वाऱ्यानं उठलेली एक लाट घ्या: दर तीन सेकंदांना एक शिखर येतं, दोन शिखरांत १४ मीटर अंतर, वेग सेकंदाला ४.७ मीटर, उंची ४० सेंटिमीटर. कयाकला ही लाट मुळीच जड नाही. आता ती सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या उलट्या प्रवाहात शिरली. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला शिखरं अजूनही दर तीन सेकंदांनाच येताना दिसणार, कारण मागून येणारी शिखरं मध्येच नाहीशी होऊ शकत नाहीत. मग प्रत्येक शिखर मंदावलं तर मागचं त्याच्या जवळ येणारच. लाट आखूडते. खोल पाण्यात आखूड लाट मुळातच हळू चालते, म्हणून ती आणखी मागे पडते आणि आणखी आखूडते. शिवाय लाटेतली ऊर्जा शिखरांच्या निम्म्या वेगानं पुढे सरकते. समोरून पाणी रेटत असेल तर ती पुढे जाण्याऐवजी तिथंच साठत जाते आणि उंचीत दिसू लागते. हिशेब केला तर १४ मीटरांचे ११ होतात, ४० सेंटिमीटरांचे ५२ होतात, आणि लाटेचा चढ, म्हणजे उंची भागिले लांबी, पावणेदोन पटींच्या घरात जातो. प्रवाह सेकंदाला एक मीटर झाला तर चढ जवळजवळ पाचपट व्हायला हवा, आणि त्याआधीच लाट फुटते. प्रवाह सेकंदाला सुमारे १.२ मीटरला पोचला, म्हणजे लाटेच्या मूळ वेगाच्या चौथ्या हिश्श्याला, की ऊर्जा पुढे जाणंच थांबतं. उलट अर्ध्या मीटरचा तोच प्रवाह लाटेच्या दिशेनं असेल तर ती लांबते, बसकी होते, ४० सेंटिमीटरांची ३३ वर येते. अनुकूल आणि प्रतिकूल प्रवाहांतल्या चढाची तुलना केली तर जवळजवळ अडीचपट फरक पडतो, आणि वाऱ्याची झुळूकही वाढलेली नसते!

हे थळ-खांदेरीला लावून पाहू. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून हलकेच वाहतात. जमीन तापली की दुपारच्या सुमारास वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि तीन-चारपर्यंत वाढत जातात. भरतीचं पाणी इथं साधारणपणे उत्तरेकडे, मुंबई बंदराच्या तोंडाकडे जातं, ओहोटीचं दक्षिणेकडे. चतुर्थीला नऊपासून तीनपर्यंत भरती. बाराच्या सुमाराला प्रवाह सगळ्यात जोरात, आणि नेमका तेव्हाच वायव्येचा वारा उठतो. सामना अगदी नाकासमोर नाही, तिरका आहे, म्हणून परिणाम वरच्या आकड्यांपेक्षा सौम्य, पण जात तीच. चतुर्थी-पंचमी टाळा. एकादशीला मात्र सव्वाआठला भरती पूर्ण, मग अडीचपर्यंत ओहोटी. दुपारी वारा आणि पाणी एकमेकांना धरून चालतात, आणि भांग नुकताच सरलेला असल्यामुळे प्रवाहही बेताचा.

म्हणून सव्वासातला थळ सोडावं, साडेआठच्या आसपास पाणी थबकलेलं असताना खांदेरी गाठावं. साडेदहा ते साडेबारा ओहोटी जोरात असते, तो वेळ किल्ल्यावर घालवावा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी हा किल्ला उभारायला घेतला तेव्हा इंग्रजांनी जहाजांनी वेढा दिला होता. मराठ्यांच्या उथळ, वल्ह्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यातून रसद पोचवत राहिल्या. आपण ज्या पाण्यात वल्हवतो ते हेच. साडेबाराला परत निघालं की वारा पाठीवर येतो आणि दोनच्या आत किनारा लागतो. थळला तोवर पाणी बरंच मागे हटलेलं असतं, होड्या उचलून चालायची तयारी ठेवा.

खुल्या समुद्रात प्रवाह वळण्याची वेळ आणि भरती पूर्ण होण्याची वेळ नेमकी एक असेलच असं नाही. ते सांगतात मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये. बोयाचा दोर कुठल्या बाजूला ताणलाय आणि त्याच्या मागे पाण्यात शेपटी किती लांब उमटलीय ते पाहा. शेपटी नसेल तर पाणी थांबलेलं आहे. डोल जाळी प्रवाहाच्या जोरावरच भरतात, म्हणून इथल्या कोळी बांधवांना उधाण-भांगाची जाण आपल्या कुठल्याही ॲपपेक्षा पक्की असते. आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी बोला. बोयांच्या दोरांत आणि खुंटांत होडी घालू नका.

बाकीचं थोडक्यात. बेटावर दीपगृह आहे, उतरण्याची परवानगी आधीच मिळवा. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज वाचा, कारण दक्षिणेच्या महासागरातून आलेली लांब लाट स्थानिक वारा नसतानाही खडकांवर फुटते. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग. तो पुढे, अनुभवी माणूस मागे, आणि कुणीही शिट्टीच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, ओढून नेण्याचा दोर आणि जादा वल्हं निदान दोन होड्यांत, व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांना पाठ. माणशी तीन लिटर पाणी. एकादशीचा उपवास असेल त्यांनी खजूर, केळी आणि मिठाचं सरबत घ्यावंच, कारण घामातून मीठ जातं आणि पेटके नेमके परतीच्या वाटेवर येतात. आणि उंदेरीच्या पुढे निघण्याआधी पाच मिनिटं थांबून पाहा: लाटांचे माथे पांढरे होत असतील तर त्या दिवसापुरती सहल उंदेरीपर्यंतचीच.