पाय लुळे पडल्यावर हाडांचे काय होते?

माडावरून पडलेला पाडेली असो की महामार्गावर दुचाकीसह आदळलेला तरुण, कण्याला मार बसून तो बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पोचला की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: परत चालेल ना? हाडांबद्दल कोणी विचारत नाही. पुढे काही वर्षांनी खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना पाय जरासा पिळला जातो आणि गुडघ्याच्या वर मांडीचे हाड मोडते.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कोणाला पडलाच नसता, कारण असे रुग्ण जगतच नसत. पहिल्या महायुद्धात कंबरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने गेले. पणजीत 1842 पासून वैद्यकीय विद्यालय होते, पण तिथल्या डॉक्टरांच्या हातीही प्रतिजैविके नव्हती. चित्र पालटले ते 1944 नंतर. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि खेळ यांची शिस्त बसवली. जोडीला पेनिसिलिन आले. माणसे पुढे अनेक वर्षे जगू लागली, तेव्हा कुठे त्यांची मोडलेली हाडे डॉक्टरांच्या नजरेत भरू लागली.

कारणाचा धागा मात्र जुना होता. भार पडेल तसे हाड घडते, हे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडले होते. 1973-74 मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर वजनरहित अवस्थेत राहिलेल्या अंतराळवीरांच्या शरीरातून कॅल्शियम निघून जाताना दिसले. पण ते जमिनीवर परतून चालू लागले. लुळ्या पायांना ती सोय नाही. शिवाय त्यांच्यातली झीज अधिक वेगाने होते: पहिल्या दोन-तीन वर्षांत गुडघ्याभोवतीच्या जाळीदार हाडाचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही जातो. बसून का होईना, पाठीवर भार येत राहतो, त्यामुळे मणके बरेचसे टिकून राहतात.

खरी गोची मोजमापात झाली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा यंत्रे 1980 च्या दशकात आली आणि 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठिसूळपणाची व्याख्या केली, ती पाळी गेलेल्या स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून तपासायचे ते सहसा कंबर आणि खुबा. कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होऊन लुळ्या पडलेल्या रुग्णाचे हाड मोडते गुडघ्याजवळ, आणि कंबरेचा अहवाल छान येतो! गुडघ्याभोवतीही मोजा, असे हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अधिकृतपणे सांगायला 2019 उजाडले. मला हा उशीर अक्षम्य वाटतो.

तोवर घरोघरी अंदाजानेच चालले. संवेदना नसल्याने मोडलेले हाड दुखत नाही. पाय सुजतो, गरम लागतो, बारीक ताप येतो, पाय नेहमीपेक्षा जास्त आखडतात. अशा सुजेवर तेल चोळण्याचा मोह आवरायला हवा: आत फ्रॅक्चर असेल किंवा शिरेत रक्ताची गाठ, दोन्हींत चोळणे घातक. आधी एक्स-रे.

औषधांची कथा अपुरी आहे. हाडांची झीज रोखणारे बिस्फॉस्फोनेट हे औषध लवकर सुरू केल्यास झीज काहीशी मंदावते, पण त्यामुळे या रुग्णांची फ्रॅक्चर कमी होतात, असा भक्कम पुरावा अजून नाही. मोडलेल्या हाडाचे उपचारही वेगळे. कडक प्लास्टरखाली जखम झाली तरी रुग्णाला कळत नाही, म्हणून पूर्वी उशा लावून किंवा मऊ पट्ट्यांत पाय ठेवत. आता शस्त्रक्रियेकडे कल वाढतो आहे. प्लास्टर घालावेच लागले तर आत जाड अस्तर हवे, आणि ते वरचेवर उघडून कातडी पाहायला हवी.