फुफ्फुसाला मुळात मिटायचंच असतं

फुफ्फुस 'कोलॅप्स झालं' म्हटलं की फुटलेला फुगा डोळ्यांसमोर येतो. पण फुगा फुटला की चिंध्या होतात, फुफ्फुस मात्र जागच्या जागी आकसून मुटकुळं होतं. त्याचा स्वभावच तो. त्याच्यातले लवचीक तंतू आणि वायुकोशांतल्या ओलाव्याचा पृष्ठताण त्याला जन्मभर आत ओढत असतात. बरगड्यांचा पिंजरा उलट बाहेर जायला बघतो. त्यामुळे फुफ्फुस मिटतं कसं, यापेक्षा ते एरवी उघडं राहतं कसं, हाच खरा प्रश्न.

दोघांच्या मध्ये दोन गुळगुळीत पापुद्रे असतात, एक फुफ्फुसावर, दुसरा पिंजऱ्याच्या आतून. त्यांच्यात जेमतेम दोन-चार चमचे द्रव. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून बघा: सहज सरकतात, पण ओढून सुटत नाहीत. इथेही तसंच. दोन्हीकडच्या ओढाताणीमुळे त्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाण्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर उंचीइतका कमी असतो, श्वास घेताना आणखी थोडा उतरतो. एवढ्याशा फरकावर आपला श्वास चाललेला असतो.

फटीला भोक पडलं की हवा आत घुसते आणि जोडी तुटते. फुफ्फुस आत जातं, बरगड्या किंचित बाहेर. याला डॉक्टर न्यूमोथोरॅक्स म्हणतात. एक्स-रेमध्ये केसासारखी बारीक पांढरी रेघ दिसते, ती फुफ्फुसाची कड. तिच्या पलीकडे नुसता काळोख, रक्तवाहिन्यांची एकही रेषा नाही.

भोक बाहेरून पडतं ते भोसकल्याने. मोडलेल्या बरगडीचं टोकही आतून फुफ्फुसात घुसतं. चमत्कारिक वाटतो तो आपोआप होणारा प्रकार. उंच, सडपातळ तरुण मुलगा नुसता बसलेला असतो आणि अचानक छातीत एका बाजूला कळ येते, धाप लागते. अशांच्या फुफ्फुसाच्या शेंड्याला बऱ्याचदा पातळ फोड असतात. फुफ्फुस स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं, म्हणून शेंड्यावर ताण जास्त, आणि उंच छातीत तो आणखी वाढतो. सिगारेट हा धोका कैक पटींनी वाढवते. वयस्कांत सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) किंवा क्षयाने पोखरलेलं फुफ्फुस फुटतं आणि ते जास्त जड जातं, कारण श्वासाची शिल्लक आधीच कमी असते.

सगळ्यात घातक म्हणजे भोकावर झडप तयार होणं. हवा आत येते, बाहेर पडत नाही. दाब चढत जातो, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, त्याच्याकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. इथे एक्स-रेची वाट बघत नाहीत. छातीत सुई घालून हवा आधी मोकळी करतात.

भोक लहान असेल तर ते स्वतःच बुजतं आणि अडकलेली हवा रक्तात शोषली जाते, पण अगदी सावकाश, दिवसाला त्या बाजूच्या छातीच्या एक-दोन टक्के. जास्त ऑक्सिजन दिला की वेग वाढतो. अडकलेल्या हवेत बहुतांश नायट्रोजन असतो. ऑक्सिजनमुळे रक्तातला नायट्रोजन घटला की अडकलेला नायट्रोजन आपणहून रक्तात जातो.

हवा जास्त असेल तर छातीत नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवतात. मला ही बाटली फार आवडते. खोकल्याबरोबर बुडबुडे येतात, पण पाण्यामुळे हवा उलट जाऊ शकत नाही. श्वासासरशी नळीतलं पाणी वरखाली होतं. बुडबुडे थांबले की बहुधा भोक मिटलेलं असतं.

पुन्हा पुन्हा असं झालं, तर शल्यचिकित्सक फोड काढून टाकतात आणि पापुद्रे खरवडून किंवा शंखजिऱ्याची पूड टाकून ते कायमचे चिकटवतात. फटच उरत नाही. हत्तीत ती फट मुळातच संयोजी ऊतीने भरलेली असते, आणि त्याचा श्वास उत्तम चालतो.